राहिलेला गृहपाठ



मनोगतासाठी माझं नाव पुकारलं, तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "फणसवाला!" बरं वाटलं. श्रीवर्धनच्या आमच्या वाडीतला तो कापा फणस तुम्हाला अजून आठवतो म्हणायचा. जूनमध्ये शाळा उघडली की आई मोसमातला शेवटचा फणस फोडायची आणि निम्मा वर्ग हाताला खोबरेल लावून आमच्या ओटीवर बसायचा.

तो फणस आता नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारात आडव्या झाल्या, त्यात आमचा फणसही मुळासकट उन्मळला. मी पुण्यात, टाळेबंदीत. गावात वीज नाही, फोन नाही. आठव्या दिवशी बाबांचा आवाज ऐकला. "आम्ही ठीक आहोत," म्हणाले आणि थोडं थांबून, "फणस गेला रे." घराची कौलं उडाली होती, ते नंतर सांगितलं.

सर, तुम्ही समोर बसला आहात, म्हणून कबूल करतो. नववीत तुम्ही शिकवलं होतं, कापा फणसाच्या आठळीतून कापाच येईल असं नाही; तोच फणस हवा तर कलम करा. बाबाही दर वर्षी म्हणायचे, "झाड म्हातारं झालंय, एक कलम बांधून घे." मी म्हणायचो, "पुढच्या वर्षी." बाबांचा फोन लागला तोवर फांद्या वाळल्या होत्या. तो गृहपाठ राहिला, सर.

आज सकाळी चहाच्या वेळी आपल्यातली एक मैत्रीण म्हणाली, "लग्नानंतर माहेरी आले होते, तेव्हा तुझ्या आईनं आठळ्या दिल्या होत्या. माणगावला सासरी लावल्या. एक जगली, आता फळं धरते. पण बरका निघाला रे!" ती अगदी अपराध्यासारखं सांगत होती. मी चहा तसाच ठेवून तिचा पत्ता लिहून घेतला.

येत्या मे महिन्यात माणगावला जाणार आहे. आठळी वाळली की रुजत नाही, म्हणून ताज्या घेऊन थेट वाडीत. शिवाय या वेळी कलमही बांधणार.

मघाशी बाबांना फोन केला. ८६ व्या वर्षी ते विचारतात, "खड्डा कुठं घ्यायचा?" म्हटलं, "बाबा, बरका आहे." म्हणाले, "असू दे. आपलाच आहे."

आणखी कोणाकडे आमची आठळी रुजली असेल, तर जेवणाआधी मला जरूर सांगा.