कॅमेऱ्याचा अलर्ट केव्हा यावा

नेटवर्क कॅमेरा रात्रंदिवस चित्र टिपत असतो, पण ते बघत बसायला माणूस नसतो. म्हणून कॅमेऱ्यासमोर काही हालले की मालकाच्या मोबाइलवर किंवा ईमेलवर खबर पाठवण्याची सोय त्यात असते. तिला इव्हेंट अलर्ट म्हणतात. ही सोय चालू करायला मिनिटभर पुरते. मात्र दिवसाकाठी शंभर अलर्ट येऊ लागले, की आठवड्याभरात मालक मोबाइलचा आवाज बंद करतो आणि नेमका खरा अलर्ट न बघता पडून राहतो. खोटे अलर्ट कमी करणे हेच या मांडणीतले मुख्य काम आहे.

अलर्टला हात घालण्याआधी दोन गोष्टी उरकाव्यात. कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा. 2016 साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने असेच मूळ पासवर्ड वापरून जगभरातले असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. दुसरी गोष्ट घड्याळाची. अनेक चिनी बनावटीच्या कॅमेऱ्यांत सुरुवातीला चीनची वेळ असते. ती भारतापेक्षा अडीच तास पुढे. टाइम झोन भारताचा निवडून वेळ एनटीपी सर्व्हरवरून घ्यायला लावली नाही, तर रात्री दहाला सुरू व्हायचा पहारा साडेसातलाच सुरू होतो आणि चित्रावरही चुकीची वेळ उमटते. पोलिसांपुढे तेच चित्र ठेवायचे असते, हे विसरून चालत नाही.

आता हालचाल ओळखण्याची रीत. साधा कॅमेरा एकापाठोपाठच्या चित्रांची तुलना करतो आणि पुरेसे ठिपके बदलले की हालचाल झाली असे धरतो. झाडाची फांदी, वाहनाच्या दिव्याचा झोत, पावसाच्या धारा, सगळे त्याला सारखेच. रात्री तर आणखी एक उपद्रव असतो. इन्फ्रारेड दिव्यांच्या उबेशी कोळी जाळे विणतो, किडे घोंगावतात, आणि भिंगाला अगदी लागून उडणारा चिलटाएवढा किडा पडद्यावर पांढरा लखलखीत पट्टा होऊन दिसतो. कॅमेऱ्याच्या लेखी तो माणसाएवढाच मोठा. भिंग आणि भोवतालची जागा अधूनमधून पुसून घेणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय होय. दिवा कॅमेऱ्यापासून वेगळा, थोडा दूर बसवला तर किडेही तिकडेच जातात.

सेटिंगमध्ये आधी क्षेत्र आखावे. दुकानाच्या शटरसमोरची पायरी तेवढी घ्यावी, रस्ता वगळावा. शेजाऱ्याचे दार चित्रात येत असेल तर तो भाग प्रायव्हसी मास्कने झाकावा. ती साधी शेजारधर्माची बाब आहे. मग संवेदनशीलता मध्यावर ठेवून एकेक पायरी कमी-जास्त करावी. माणूस आणि वाहन वेगळे ओळखण्याची सोय असेल तर ती जरूर वापरावी, कारण खोटे अलर्ट तिच्यामुळे सर्वांत जास्त घटतात. काही कॅमेऱ्यांत चित्रावर रेघ ओढता येते. ती ओलांडली की अलर्ट येतो. माणूस कॅमेऱ्याच्या रोखाने सरळ चालत येण्यापेक्षा चित्रात आडवा जाईल, अशा ठिकाणी ही रेघ चांगले काम करते.

त्यानंतर वेळापत्रक. दुकान उघडे असताना गिऱ्हाइकांच्या ये-जाचे अलर्ट कोणालाच नको असतात. दोन अलर्टमध्ये थोडे अंतर ठेवावे, आणि घटनेच्या आधीचे पाच-दहा सेकंदही रेकॉर्ड होतील असे पाहावे. चोर कोणत्या बाजूने आला ते त्यातच दिसते.

ईमेलने अलर्ट हवा असल्यास एसएमटीपी सर्व्हरचे नाव, पोर्ट आणि पासवर्ड भरावा लागतो. जीमेलचा नेहमीचा पासवर्ड इथे चालत नाही. खात्यावर टू-स्टेप पडताळणी चालू करून खास कॅमेऱ्यासाठी ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. बहुतेक घोटाळा इथेच होतो, म्हणून ‘टेस्ट’चे बटण दाबून मेल खरोखर पोचला का ते पाहावे. शिवाय अंधार पडल्यावर कोणाला तरी त्या पायरीवरून चालवून अलर्ट येतो का, किती वेळाने येतो, हे तपासावे.

वीज गेली की राउटर बंद पडतो आणि अलर्ट कुठेच जात नाही. कॅमेऱ्यासोबत राउटरही इन्व्हर्टरवर घ्यावा. इंटरनेटच तुटले तरी चित्रण हाती राहावे म्हणून कॅमेऱ्यात मेमरी कार्ड घालून ठेवावे.