तलावाचे रक्षण पाळीच्या वरच्या अंगाला

(पूर्व विदर्भातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा तलावांचा प्रदेश. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातील जाणत्यांनी जमिनीचा उतार ओळखून पाळी घातल्या आणि पावसाचे वाहते पाणी धानासाठी अडविले. असे सहा हजारांहून अधिक तलाव या भागात आहेत. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात आले. म्हणून ‘माजी मालगुजारी’, म्हणजेच ‘मामा तलाव’ हे नाव. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे आले. ती पद्धत जाणे न्याय्यच होते. परंतु तलावाची नित्य राखण कोणी करायची, हा प्रश्न मागे उरला.

एक चूक येथे कबूल करतो. पत्रकार म्हणून उन्हाळ्यातील गाळ काढण्याची छायाचित्रे मी अनेकदा छापली. तो गाळ येतो कोठून, हे पाहण्यासाठी भर पावसात तलावाच्या वरच्या अंगाला मात्र फार उशिरा गेलो.

तेथील हिशेब साधा आहे. एक हेक्टर जमिनीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५ लाख लिटर पाणी होते. उतारावरची जमीन उघडी असेल, तर त्यातील बरेचसे पाणी न मुरता धावत सुटते आणि माती खरवडून नेते. मातीच्या कणांना चिकटून शेतातील स्फुरद येते, पाण्यात विरघळून नत्र येते. गावातील सिमेंटचे रस्ते पाणी मुरू देत नाहीत. गटारांची तोंडे तलावाकडे काढलेली असतात. या अनाहूत खतावर शेवाळ आणि पाणवनस्पती माजतात. त्या कुजू लागल्या की पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासे तडफडून मरतात. मग ढिवर बांधवांची मासेमारी बुडते, शिंगाड्याचे पीक जाते आणि धानाच्या बांधीला शेवटचे पाणी मिळत नाही.

राज्य शासनाने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली. सुपीक गाळ शेतात परत जाणे हे चांगलेच काम आहे. पण वरचा उतार तसाच उघडा राहिला, तर काढलेल्या गाळाची जागा काही पावसाळ्यांत पुन्हा भरते.

म्हणून पाणलोटातच काम हवे. उतारावर समतल बांध आणि चर, ओघळींत दगडी बांध, तलावात येणाऱ्या नाल्यांच्या काठी गवताचा रुंद पट्टा, गावच्या सांडपाण्यासाठी शोषखड्डे आणि गटाराच्या मुखाशी गाळ बसविणारी कुंडी. सांडवा मोकळा हवा. येथे एक सावधगिरी बाळगावी: वरचे सारेच पाणी अडविले, तर तलाव कोरडा राहील. पाणी तलावापर्यंत पोहोचलेच पाहिजे. फक्त त्याचा वेग उतरला पाहिजे आणि माती मागे राहिली पाहिजे.

यात खरी अडचण तांत्रिक नाही. गवताच्या पट्ट्यासाठी जमीन सोडायची वरच्या शेतकऱ्याने आणि पाणी मिळायचे खालच्याला. वरचा शेतकरी बहुधा अल्पभूधारक असतो. त्याला केवळ त्यागाचा उपदेश करणे मला अन्यायाचे वाटते. तलावाचा गाळ प्रथम त्याच्या शेताला मिळावा, पट्ट्यावरील चारा त्याचा असावा, बांधबंदिस्तीचे श्रम आणि खर्च लाभधारकांनी वाटून घ्यावेत. हा करार ग्रामसभेत सर्वांसमक्ष व्हावा, आणि त्या सभेत ढिवर बांधवांनाही मानाची जागा असावी. तलावाशी त्यांचा संबंध वर्षभराचा आहे.

येत्या पावसाळ्यात पहिला मोठा पाऊस पडेल, तेव्हा चार-पाच जणांनी छत्र्या घेऊन तलावाच्या वरच्या बाजूला जावे. गढूळ पाणी कोणत्या ओघळीतून येते, हे कागदावर मांडावे आणि तो कागद ग्रामसभेपुढे ठेवावा. आपल्या कामाचा प्रारंभ तेथून होईल.