पटकथालेखन : काही अनुभव, काही सूचना
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या या व्यासपीठावरून आजवर डॉक्टर, वकील, अभियंते व उद्योजक बोलले आहेत. चित्रपटाच्या गोष्टी लिहिणाऱ्या माणसास येथे उभे करण्याचे धाडस कार्यकारिणीने प्रथमच केले आहे, त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे. फार वर्षांपूर्वी आपल्याच वधू-वर मेळाव्यात माझ्याविषयी झालेला एक संवाद मला अजून आठवतो. "मुलगा काय करतो?" "लिहितो." "ते झाले हो, पण करतो काय?" मी तेव्हा बँकेत नोकरीस होतो, म्हणून लग्न जमले. त्या गृहस्थांचा प्रश्न मला त्या दिवशी बोचला होता. पुढे तो पटला. पटकथा लिहिणारा मनुष्य नेमके काय करतो, हे आम्ही मंडळींनीच कधी कोणास नीट सांगितलेले नाही. आज ते सांगावे असा विचार आहे.

निमित्तही तसेच आहे. गेली दोन वर्षे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपल्या सभागृहामागील खोलीत आम्ही सातजण जमतो. त्यांत एक एस. टी. मधून निवृत्त झालेले वाहक आहेत, रुग्णालयात परिचारिकेचे काम करणारी एक भगिनी आहे, महाविद्यालयात शिकणारे दोघे आहेत. प्रत्येकाने आपली दहा पाने आणावयाची, ती मोठ्याने वाचावयाची आणि इतरांनी बोलावे ते ऐकून घ्यावयाचे, एवढाच नियम. वाचणाऱ्याने मध्ये समर्थन करावयाचे नाही, हा नियम पाळणे सर्वांस फार जड जाते, मलाही.

प्रथम पटकथा म्हणजे काय ते सांगतो. कथेत लेखक मनातले सांगू शकतो. "गोविंदरावांची आपल्या मुलावर अपार माया होती, परंतु ती त्यांना बोलून दाखविता येत नसे," असे वाक्य कथेत शोभून दिसते. पटकथेत ते निरुपयोगी होय. कॅमेऱ्यास माया दिसत नाही. तेथे असे लिहावे लागते : रात्र. घरात सारे निजले आहेत. गोविंदराव दिव्याजवळ बसून मुलाच्या चपलेचा तुटलेला अंगठा दाभणाने शिवीत आहेत. आतून मुलगा खोकतो. गोविंदराव घाईने चपलेवर वर्तमानपत्र टाकतात आणि ते वाचू लागतात. वर्तमानपत्र उलटे आहे. येथे माया हा शब्द कोठेही नाही, तरी प्रेक्षकास ती कळते. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' दाखविला तेव्हा पडद्यावर बोलणे नव्हतेच. सारे दृश्यातूनच सांगावे लागे. पुढे १९३२ साली 'अयोध्येचा राजा' आला, मराठी चित्रपट बोलू लागला आणि आम्हा लेखकांस बोलण्याची इतकी गोडी लागली, की आपली पात्रे काही करण्याऐवजी एकमेकांस स्वतःची मनःस्थिती समजावून सांगत बसतात.

हा धडा मी कोणत्याही ग्रंथातून शिकलो नाही. माझ्या आईचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने अधू झाले होते. शस्त्रक्रिया लांबली होती. तिला वेळ जाईना, म्हणून मी संध्याकाळी तिला माझी पटकथा वाचून दाखवू लागलो. ती मध्येच हात वर करी आणि म्हणे, "थांब. ती सून कुठे उभी आहे? ओट्यापाशी की दारात? मला काही दिसत नाही." पहिल्या खेपेस मला वाटले, ती आपल्या डोळ्यांविषयी बोलते आहे. नंतर ध्यानात आले, की ती माझ्या लिखाणाविषयी बोलत होती. ज्या पानांवर तिने हात वर केला ती सर्व पाने मला पुन्हा लिहावी लागली. तिच्यासारखी श्रोती मला पुन्हा भेटली नाही.

चित्रपटाच्या लेखनात कथा, पटकथा आणि संवाद ही तीन कामे निरनिराळी आहेत, हेही आपल्यापैकी अनेकांस ठाऊक नसेल. 'अर्धसत्य' हा १९८३ सालचा हिंदी चित्रपट आपण पाहिला असेल. त्याची मूळ कथा श्री. दा. पानवलकर यांची, तिचे नाव 'सूर्य'. तिच्यावरून पटकथा रचली विजय तेंडुलकर यांनी. हिंदी संवाद लिहिले वसंत देव यांनी. आणि चित्रपटास नाव मिळाले ते दिलीप चित्रे यांच्या कवितेवरून. एका पोलीस अधिकाऱ्याची ही कहाणी उभी करण्यास चार मराठी लेखण्या लागल्या! तसेच 'गीतरामायणा'मुळे ग. दि. माडगूळकर घरोघरी पोहोचले. परंतु १९५७ सालच्या 'दो आँखे बारह हाथ' या चित्रपटामागे त्यांचीच लेखणी आहे, हे कितीजणांस आठवते? चित्रपट संपल्यावर नावे येऊ लागली की आपण उठून चालू लागतो. पुढल्या वेळी दोन मिनिटे बसावे, एवढी विनंती आहे.

आता साधनांविषयी. नवशिके प्रथम हेच विचारतात, की कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? पटकथेची मांडणी आपोआप करून देणारी सॉफ्टवेअरे आहेत; त्यांतील काही विकत घ्यावी लागतात, काही विनामूल्य मिळतात. दृश्याचा मथळा, म्हणजे प्रसंग घरात की बाहेर, कोणते ठिकाण, दिवस की रात्र, मग काय घडते ते, मग पात्राचे नाव आणि त्याखाली संवाद, अशी ही मांडणी असते. इंग्रजीत ठराविक टंकात असे एक पान म्हणजे पडद्यावरचे सुमारे एक मिनिट, असा ठोकताळा आहे. देवनागरीस तो जसाच्या तसा लावू नये. अक्षराचा आकार बदलला, ओळींतील अंतर बदलले, की हिशेब चुकतो. आम्ही घड्याळ लावून मोठ्याने वाचतो, तेच अधिक खरे. आणखी एक सावधगिरी : जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडल्यास त्याची निव्वळ चिन्हे होतात. माझे एका मालिकेचे चार भाग अशा रीतीने वाचण्यापलीकडे गेले होते. लिहावयाचे ते युनिकोडमध्येच लिहावे. हिंदी चित्रपटसृष्टीत अनेकदा संवाद रोमन लिपीत लिहिले जातात, कारण काही नटांस देवनागरी सहज वाचता येत नाही. हे ऐकून वडीलधाऱ्या मंडळींस खेद होईल, मलाही होतो. मी स्वतः मात्र देवनागरीत लिहितो आणि मागणी आल्यास दुसरी प्रत करून देतो.

आमच्या मंडळातील परिचारिका भगिनी रात्रपाळी संपल्यावर लोकलमध्ये मोबाईलवर बोलून मजकूर उतरवून घेतात. विरामचिन्हे नसतात, शब्दांचे भलतेच शब्द होतात. ते सुट्टीच्या दिवशी दुरुस्त करावयाचे. परंतु प्रसंग ताजा असतो. त्यांच्या एका दृश्यात नातेवाईक वॉर्डाबाहेर बसले आहेत आणि कोणीही आजाऱ्याविषयी बोलत नाही. डब्यात कोणी काय आणले याचीच चर्चा चालली आहे. ते ऐकताना खोलीत कोणी हालले नाही.

माझे स्वतःचे साधन जरा निराळे आहे. आपल्या ज्ञातीत लग्नसराईत येणाऱ्या पत्रिका मी टाकून देत नाही. पाठीमागची बाजू कोरी असते, कागद जाड असतो. एका पत्रिकेवर एक प्रसंग, दोन-तीन ओळींत. साठ-सत्तर पत्रिका झाल्या की जमिनीवर मांडावयाच्या आणि पत्त्यांसारख्या हलवून पाहावयाच्या. कोणता प्रसंग आधी यावा, कोणता काढून टाकला तरी काही बिघडत नाही, हे तेव्हा डोळ्यांस दिसते. एकदा आमच्या घरी आलेल्या पाहुण्यांनी आपल्याच मुलीची पत्रिका उचलून उलटली, तर मागे लिहिलेले : 'खून उघडकीस येतो.' त्यांची समजूत घालण्यास मला अर्धा तास लागला.

संवादाच्या बाबतीत आमच्या वाहक बंधूंकडून मी जे शिकलो, ते कोणत्याही शिबिरात मिळाले नसते. ते म्हणाले, "तीस वर्षे मी एकच प्रश्न विचारला, कुठे जायचं? पण गावाचं नाव पहिल्या फटक्यात सांगणारे थोडे. कोणी म्हणतं, लेकीकडे. कोणी म्हणतं, तारीख आहे कोर्टात. कोणी म्हणतं, पोचलो तर बरं." माणूस विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत नाही, त्याच्या मनात जे घोळत असते त्याचे देतो. आमच्या दोघा विद्यार्थ्यांचे संवाद त्या दिवसापासून सुधारले. पूर्वी त्यांची पात्रे परीक्षेतील उत्तरे द्यावीत तशी बोलत.

सवयींविषयी मी फार सांगत नाही. प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते. मी पहाटे पाच ते सात लिहिले, कारण नऊला बँकेत पोहोचावयाचे असे. पहिला खर्डा पुरा होईपर्यंत मागे वळून दुरुस्ती करीत नाही. पुरा झाला की पंधरा दिवस कपाटात ठेवतो. मग छापून घेऊन, हातात पेन्सिल धरून, मोठ्याने वाचतो. पडद्यावर डोळे फसतात. कान सहसा फसत नाहीत.

आता जे सांगावयाचे आहे ते सांगणे मला सोपे नाही. सुमारे अठरा वर्षांपूर्वी एका निर्मात्यास मी माझी एक पटकथा ऐकविली. त्यांचे नाव घेण्याचे कारण नाही. आमच्या व्यवसायात यास 'नॅरेशन' म्हणतात. दोन तास त्यांनी लक्षपूर्वक ऐकले, चहा दिला, आणि वही वाचावयास ठेवून घेतली. ती माझी एकुलती एक प्रत होती. वही परत आली नाही. तीन वर्षांनी एक चित्रपट आला. मी व पत्नी तो पाहावयास गेलो. मध्यंतराच्या आधीचा प्रसंग सुरू झाला आणि तिने माझा हात धरला. घरी आल्यावर तिने एवढेच विचारले, "तुमची वही कुठे आहे?" वकील मित्राकडे गेलो, तर त्यांनीही तेच विचारले. माझ्यापाशी प्रत नव्हती, नोंदणी नव्हती, तारीख असलेला एक कागद नव्हता. त्यानंतर दोन वर्षे मी काही लिहिले नाही.

कायदा मी मागाहून वाचला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद यांच्या खटल्यात निर्णय दिला आहे. आपल्या 'हम हिंदुस्तानी' या नाटकावरून १९५६ सालचा 'न्यू दिल्ली' हा चित्रपट घेतला, अशी त्यांची तक्रार होती. न्यायालयाने सांगितले, की कल्पना, विषय किंवा कथासूत्र यांवर कोणाची मालकी असू शकत नाही. संरक्षण मिळते ते त्यांच्या मांडणीस. आनंद यांचा दावा मान्य झाला नाही. म्हणून मुलांनो, "माझ्यापाशी एक भन्नाट कल्पना आहे" असे सांगत फिरू नका. ती लिहून काढा. लिहिताक्षणी तुमचा हक्क निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. परंतु पुरावा म्हणून ती अवश्य करावी. मुंबईत पटकथालेखकांची संघटना आहे; ज्यांचा चित्रपट अद्याप आलेला नाही अशांसही तिचे सभासद होता येते आणि घरबसल्या लिखाणाची नोंद करता येते. नोंद आधी, नॅरेशन नंतर. नॅरेशन झाल्यावर त्याच सायंकाळी एक नम्र ई-मेल पाठवावा : 'आज आपण माझी अमुक नावाची पटकथा ऐकलीत, आभारी आहे.' हाही कागदच होय. आणि करार वाचल्यावाचून सही नको. २०१२ च्या दुरुस्तीनुसार, चित्रपटगृहातील प्रदर्शनाव्यतिरिक्त अन्य मार्गांनी चित्रपट वापरला गेल्यास रॉयल्टीचा वाटा मिळण्याचा लेखकाचा हक्क करारानेही काढून घेता येत नाही. तो पैसा प्रत्यक्ष घरात येईपर्यंतची वाट लांब आहे, हे खरे; तथापि हक्क ठाऊक असलेला बरा.

पालकांस एक सांगावयाचे आहे. या व्यवसायात उत्पन्न अनिश्चित आहे आणि ते मी लपवून ठेवणार नाही. मी पंचवीस वर्षे नोकरी सोडली नाही, त्याचा मला पश्चात्ताप होत नाही. मुलांस पोटापाण्याचे दुसरे साधन जरूर असू द्यावे. पण पहाटे दिवा लागलेला दिसला, तर "किती मिळाले?" असे विचारू नये, "कुठवर आले?" असे विचारावे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पटकथालेखनाचे शिक्षण मिळते. आपल्या शिष्यवृत्ती निधीच्या नियमांत वैद्यकी व अभियांत्रिकी यांचाच उल्लेख आहे. पुढील सर्वसाधारण सभेत त्यात एका ओळीची भर घालण्याचा ठराव मी मांडणार आहे, त्यास अनुमोदक हवा आहे.

आमची पुढील बैठक येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता आहे. खोलीच्या किल्लीविषयी चिटणीसांशी बोलणे झाले आहे. येताना दहा पाने आणावीत, आणि त्यांची एक प्रत घरी ठेवावी.