दप्तरी न चढलेली फिर्याद



ज्या मुलखात २३ सप्टेंबर १८०३ रोजी आसईच्या रानात शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि आर्थर वेलस्लीचे सैन्य एकमेकांस भिडले, आणि जो मुलूख पुढे १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलाखाली राहिला, त्या जाफराबादेत तालुक्यातील वैद्यकीय व्यावसायिकांपुढे बोलताना अध्यक्षाने एखादा भव्य विषय निवडावा अशी आपली अपेक्षा असेल, तर ती मी पुरी करणार नाही. माझा विषय पोटरीतल्या गोळ्याचा आहे.

यकृत कायमचे निबर होऊन सिरोसिसच्या अवस्थेस पोचलेल्या रुग्णाचा, रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर, कसलेही श्रम चालू नसताना, पोटरीचा स्नायू अकस्मात आखडतो, पायाची बोटे वाकडी होतात, क्वचित हाताचीही. काही क्षण, कधी काही मिनिटे टिकणारी ती कळ ओसरली तरी तो भाग दुसऱ्या दिवशी ठणकत राहतो, आणि मोडलेली झोप काही परत येत नाही. कोणी याला गोळा म्हणतो, कोणी पेटका, कोणी वांब. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत सिरोसिसच्या निम्म्याहून अधिक रुग्णांना हा त्रास आढळला आहे. आणि तरीही आपल्यापैकी कितीजणांच्या केसपेपरावर त्याची एक ओळ सापडेल, याविषयी मला दाट शंका आहे.

त्याचे कारण उभय पक्षी आहे. आपले लक्ष पोटातल्या पाण्याकडे, डोळ्यांतल्या पिवळेपणाकडे, रक्ताच्या उलटीकडे आणि बिघडलेल्या शुद्धीकडे असते, आणि ते योग्यच आहे. परंतु रुग्णही मौन पाळतो. दिवसभर कपाशीत नाहीतर मोसंबीच्या बागेत खपलेल्या देहाला गोळा यायचाच, असे घरचे धरून चालतात. आणि ज्याच्या विकारामागे दारूचा इतिहास आहे, तो तर, आपणच ओढवून घेतलेल्या दुखण्याबद्दल फिर्याद मांडण्याचा हक्क आपल्याला उरलेला नाही, अशा समजुतीने मान खाली घालून बसतो. हेपॅटायटिस बी किंवा सी झालेल्या, अथवा मधुमेह आणि स्थूलतेपायी यकृत चरबीने भरून पुढे निबर झालेल्या निर्व्यसनी रुग्णालाही गावात याच नजरेने पाहतात, ही आणखी एक अन्यायाची बाब. अशा रीतीने ही फिर्याद तोंडून निघत नाही, दप्तरी चढत नाही, आणि म्हणून तिची दखलही घेतली जात नाही.

दखल न घेतल्याचा दंड मात्र भरावा लागतो. "साहेब, ती लघवीची गोळी घेतली की रातच्याला गोळे येतेत, म्हणून यांनी ती बंदच केली," असे एखादी गृहिणी सहज सांगून जाते, आणि तेव्हा कोठे आपल्याला उमगते की महिनाभरात पोट पुन्हा का भरले. याहून घातक दुसरी वाट आहे. गोळ्याची कळ थांबावी म्हणून रुग्ण औषधाच्या दुकानातून डायक्लोफिनॅकची गोळी आणतो, किंवा कोणी त्याला तेच इंजेक्शन टोचतो; पोटात पाणी असलेल्या यकृतरुग्णाचे मूत्रपिंड अशा वेदनाशामकांनी निकामी होऊ शकते, आतड्यात रक्तस्राव होऊ शकतो. क्षुल्लक म्हणून सोडून दिलेल्या तक्रारीपायी रुग्ण थेट घाटी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात पोचावा, हा परिणाम क्षुल्लक खचित नव्हे.

हा गोळा येतो तरी का? सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम तपासावेत, मूत्रल औषधांची मात्रा पुन्हा पाहावी, हे निर्विवाद. पण हे सारे क्षार प्रमाणात असलेल्या रुग्णासही पेटके येतात, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रत्येकाच्या हाती कॅल्शियमची पट्टी ठेवण्याच्या आपल्या सवयीचे समर्थन उरत नाही. इटलीतील आंजेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये असे दाखविले की, शरीरात पाणी साठलेले असूनही रक्तवाहिन्यांत कामास येणारे रक्ताचे आकारमान घटते, या अवस्थेचा पेटक्यांशी निकट संबंध आहे. आठवड्यास एकदा अल्ब्युमिन शिरेवाटे दिल्यावर पेटके कमीही झाले. परंतु आपल्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याने दर आठवड्यास अल्ब्युमिनची बाटली विकत घ्यावी, हे बोलणेही निर्दयपणाचे होईल. त्याखेरीज स्नायूंना जाणाऱ्या मज्जातंतूंची अतिरिक्त उत्तेजितता आणि टॉरीनसारख्या द्रव्यांची उणीव, हीही कारणे मानली जातात.

आता औषधांकडे वळतो. याच हैदराबाद संस्थानाच्या मुलखात, सिकंदराबादेस, १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या देहात हिवतापाचा जंतू पाहिला. तेव्हा हिवतापावर दिल्या जाणाऱ्या क्विनीनवरची श्रद्धा आपल्याकडे वडिलोपार्जितच म्हणावी लागेल, आणि पेटक्यांवरही ते दीर्घकाळ दिले गेले. तथापि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ मध्ये क्विनीनची अनधिकृत उत्पादने बाजारातून हटविली, आणि २०१० मध्ये पायांच्या पेटक्यांसाठी ते वापरू नये असा इशारा पुन्हा दिला, कारण त्याने रक्तबिंबिका धोकादायक प्रमाणात घटू शकतात. प्लीहा वाढल्यामुळे ज्याच्या रक्तबिंबिका आधीच कमी झालेल्या आहेत, त्या आपल्या रुग्णास ते देणे मला मुळीच संमत नाही. बॅक्लोफेनने पेटके कमी होतात असे इजिप्तमधील प्रयोगांत आढळले; पण ते गुंगी आणणारे औषध आहे, आणि यकृताच्या दुर्बलतेने ज्याची शुद्धी पूर्वी हरपली होती, अथवा ज्याचे मूत्रपिंड मंदावले आहे, त्याच्या बाबतीत हात आवरलेलाच बरा. ऑस्ट्रेलियातील २०१८ च्या एका प्रयोगात रोज २ ग्रॅम टॉरीन घेतल्याने पेटक्यांची संख्या आणि तीव्रता घटली. ते तुलनेने निरुपद्रवी आहे.

या सगळ्यांत ज्या उपायाची मला सर्वांत अधिक मौज वाटली आणि ज्याने सर्वांत अधिक विचारही करावयास लावले, तो मिशिगन विद्यापीठाच्या डॉ. इलियट टॅपर यांचा. त्यांनी सिरोसिसच्या ८२ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले, आणि पेटका सुरू होताच एका गटास काकडीच्या लोणच्याच्या खाराचे, दुसऱ्यास नळाच्या पाण्याचे घोट घ्यावयास सांगितले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तांतानुसार, ० ते १० या मोजपट्टीवर पेटक्याची तीव्रता खाराने सरासरी २.२५ अंकांनी उतरली, पाण्याने अवघ्या ०.३६ अंकाने. आता कोणी म्हणेल की यात मीठ पोटात गेले आणि काम झाले. तसे नाही. २०१० मध्ये केव्हिन मिलर यांनी निरोगी पुरुषांच्या पायात विजेच्या साह्याने पेटका आणून दाखविले होते की, खार प्याल्यावर तो पाण्यापेक्षा लवकर सुटतो, आणि तेवढ्या अवधीत रक्तातील क्षारांत काही फरक पडलेला नसतो. यास्तव आंबटपणाचा घशाला होणारा स्पर्शच मज्जासंस्थेमार्फत स्नायूला ढिले करीत असावा, असा त्यांचा तर्क आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे प्राप्त आहे. त्या प्रयोगातील खार म्हणजे सिरका, पाणी आणि मीठ. आपल्या कैरीच्या लोणच्याचा खार तेलाने, मोहरीने आणि मिठाने दाटलेला असतो, आणि पोटात पाणी असलेल्या रुग्णास आपण दिवसाला पाच ग्रॅमच्या आसपासच मीठ सांगतो. तेव्हा माझे भाषण ऐकून कोणी बरणीच उशाशी ठेवू नये. पेटका आला तर एक मोठा चमचा, तोही सिरक्याच्या खाराचा, एवढीच ही मात्रा आहे. ज्यांना तेही नको त्यांनी पायाची बोटे नडगीकडे ओढून पोटरी ताणावी, आणि ही कृती आपण रुग्णाच्या पत्नीस वा मुलास दवाखान्यातच करून दाखवावी.

चिटणीसांकडे मी एक ठरावाचा मसुदा दिला आहे. या तालुक्यातील प्रत्येक दवाखान्यात जीर्ण यकृतरोगाच्या रुग्णाच्या केसपेपरावर चार रकाने असावेत: आठवड्यात पेटके किती, तीव्रता दहापैकी किती, झोप किती वेळा मोडली, आणि त्यापायी रुग्णाने स्वतः होऊन कोणते औषध सुरू वा बंद केले. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा मानावा, आणि तो भरताना शक्य तर घरच्या माणसास विचारावे. सिरक्याच्या खाराऐवजी लिंबाच्या लोणच्याच्या खाराची परीक्षा घ्यावी की नाही, हा त्याच मसुद्यातला दुसरा मुद्दा आहे. त्यावर मतभेद होणार हे मी गृहीत धरले आहे, आणि चर्चेसाठी दुपारचे सत्र मोकळे ठेवले आहे.