विहिरी जगात, भट्ट्या चाकणात



गुरुवार ही आपल्या भोसरी-चाकण पट्ट्यातली साप्ताहिक सुट्टी. ती घरच्यांकडून मागून घेऊन तुम्ही इथे बसला आहात, म्हणून औपचारिक आभारांत तुमचा वेळ घालवत नाही. या ऊर्जा परिषदेच्या अध्यक्षपदाचा मान दिलात, तो मी भट्टीसमोर उभं राहणाऱ्या प्रत्येक फोरमनच्या आणि ऑपरेटरच्या वतीने स्वीकारतो. माझी उमेदीची सगळी वर्षं हीट ट्रीटमेंटमध्ये गेली. तेव्हा सौरऊर्जा आणि बॅटरी हे विषय दुपारच्या सत्रातल्या तरुण वक्त्यांवर सोपवतो आणि मी नैसर्गिक वायूवर बोलतो.

सुरुवात एका गिअरपासून करू. गिअरचा दात वरून कडक आणि आतून चिवट लागतो. त्यासाठी तो ९०० अंशांच्या वर, कार्बन भरलेल्या वातावरणात काही तास ठेवावा लागतो. ज्यांच्याकडे नैसर्गिक वायूवरचा एन्डोगॅस जनरेटर आहे ते गॅस आणि हवा निकेलच्या उत्प्रेरकावरून नेतात, भट्टीत वरून आणखी थोडा गॅस सोडतात, आणि त्यातला कार्बन पोलादाच्या वरच्या मिलिमीटरभर थरात मुरतो. म्हणजे आपल्याकडे गॅस नुसता जळत नाही, तो मालात उतरतो. पाइपात आयातीचा गॅस असेल तर कतारच्या समुद्रतळाखालचा कार्बन चाकणच्या गिअरच्या दातात बसतो आणि गाडीबरोबर पुन्हा परदेशी जातो. ज्या मालाशी आपलं नातं इतकं जवळचं, त्याच्याबद्दलची आपली माहिती मात्र महिन्याच्या बिलापुरतीच. दर चढला की शिष्टमंडळ, निवेदन, वर्तमानपत्रात फोटो. दर उतरला की सगळं विसरलं. ही सवय मोडावी, एवढंच माझं आजचं मागणं आहे.

आधी जगाचा हिशेब. १९७०च्या सुमारास जगात वर्षाला साधारण १,००० अब्ज घनमीटर गॅस निघत होता. आज ४,००० अब्जांच्या वर निघतो. या सगळ्या काळात उत्पादन घटल्याची वर्षं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. २००९ची मंदी आणि २०२०ची टाळेबंदी ही त्यांतली ठळक. आजच्या उत्पादनाचा जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा. त्यामागे रशिया, मग इराण, चीन, कॅनडा, कतार, ऑस्ट्रेलिया. भारताचा वाटा एक टक्काही भरत नाही. गॅस संपत आला, असं आपल्या लहानपणापासून सांगितलं जातं, पण आकडे तसं म्हणत नाहीत. अमेरिकेत शेल खडकात आडवी विहीर खोदून, पाण्याच्या दाबाने खडक फोडून गॅस काढायचं तंत्र बसलं, आणि उतरणीला लागलेला तो देश २०२३मध्ये द्रवरूप गॅसचा, म्हणजे एलएनजीचा, जगातला सर्वांत मोठा निर्यातदार झाला. त्याच्या लुइझियानातल्या सबाइन पास टर्मिनलवरून पहिलं जहाज निघालं ते फेब्रुवारी २०१६मध्ये. सात-आठ वर्षांत एवढी मजल.

उत्पादन वाढतं आहे, मग आपले दर का उसळतात? २०२२ आठवा. त्या वर्षी जगातलं एकूण उत्पादन आदल्या वर्षाच्या जवळपासच राहिलं होतं. रशियाचा युरोपला जाणारा पाइपातला गॅस आटला, सप्टेंबरात नॉर्ड स्ट्रीमच्या समुद्राखालच्या नळ्या स्फोटांत फुटल्या, आणि युरोपने जगभरची जहाजं पैसे टाकून आपल्या बंदरांकडे वळवली. मे २०२०मध्ये युरोपच्या बाजारात एमएमबीटीयू या उष्णतेच्या एककाला २ डॉलरच्या खाली असलेला भाव ऑगस्ट २०२२मध्ये ९० डॉलरच्या वर गेला. पाकिस्तानने त्या जुलैत निविदा काढली, तर एकही विक्रेता फिरकला नाही. आपल्याकडे मार्च २०२२च्या अर्थसंकल्पात राज्य सरकारने गॅसवरचा व्हॅट १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला होता. तो दिलासा काही आठवड्यांतच वाहून गेला. गुजरातेत मोरबीच्या टाइल्सवाल्यांनी भट्ट्या प्रोपेनवर वळवल्या. आपल्यातल्या ज्यांच्या आवारात प्रोपेनची टाकी होती त्यांनी तेच केलं, नव्हती त्यांनी पाळ्या कमी केल्या.

आता याच्या अगदी उलटी गोष्ट. २०२४मध्ये पश्चिम टेक्सासात, वाहा नावाच्या केंद्रावर, कित्येक दिवस गॅसचा भाव शून्याच्या खाली होता. तिथे तेलाबरोबर गॅस आपोआप वर येतो आणि तो वाहून न्यायला पुरेशा पाइपलाइन नव्हत्या. तेव्हा गॅस घेऊन जा आणि वर पैसेही घ्या, अशी अवस्था झाली. त्याच वर्षी आशियात जहाजावरचा गॅस १० डॉलरच्या वर विकला जात होता. नेदरलँड्समधलं ग्रोनिंगन आणखी वेगळं. १९५९मध्ये सापडलेलं युरोपातलं सर्वांत मोठं गॅसक्षेत्र. ऑगस्ट २०१२मध्ये हाउझिंगे गावाजवळ ३.६ रिश्टरचा भूकंप झाला. गॅस उपसल्याने जमीन खचत होती, घरांना तडे जात होते. लोकांनी रेटा लावला आणि ऑक्टोबर २०२३मध्ये, गॅसटंचाईची आठवण ताजी असताना, सरकारने ते उत्पादन थांबवलं. जमिनीखाली गॅस अजून भरपूर आहे. आणि जगभरच्या तेलविहिरींवर वर्षाला साधारण १५० अब्ज घनमीटर गॅस नुसता मशालीसारखा जाळला जातो. भारत वर्षभरात वापरतो त्याच्या दुप्पट.

म्हणून मी म्हणतो, विहिरीतून किती निघाला या आकड्यावर आपला दर ठरत नाही. निघालेल्यापैकी किती गॅस कुणाच्या करारात अडकलेला नाही आणि जहाजावर चढू शकतो, यावर तो ठरतो. असा मोकळा गॅस एकूण उत्पादनाच्या मानाने फार थोडा. त्यात कुठे तूट आली की तिची किंमत मोकळ्या बाजारातून घेणारं गिऱ्हाईक मोजतं. आपण त्यांपैकीच आहोत.

आपण त्या मोकळ्या बाजारात का, हे समजायला आपल्या किनाऱ्याकडे पाहावं लागेल. मुंबई हाय १९७४मध्ये सापडलं, १९७६मध्ये उत्पादन सुरू झालं आणि त्याच वर्षी वसईच्या समोरच्या समुद्रात गॅसचं मोठं क्षेत्र हाती लागलं. मुंबई हायचा काही गॅस उरणला उतरला आणि तिथली वीज, थळचं खत यांच्या कामी आला. वसईचा गॅस समुद्राखालून सुरतेजवळ हजिऱ्याला गेला. १९८४मध्ये गेल ही सरकारी गॅस कंपनी स्थापन झाली आणि हजिरा-विजयपूर-जगदीशपूर पाइपलाइनने तो मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशातल्या खत कारखान्यांपर्यंत पोचला. त्यात कुणाला दोष देण्यासारखं काही नाही. देशाला तेव्हा खत हवं होतं. पण वसईसमोरचा गॅस जगदीशपूरला पोचला तेव्हा पिंपरी-चिंचवडच्या भट्ट्या फर्नेस ऑइल आणि हलक्या डिझेल तेलावर (एलडीओवर) धूर काढत होत्या. गेल आणि भारत पेट्रोलियम यांनी महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड काढली ती २००६मध्ये, आणि घाट चढून आलेल्या पाइपलाइनचा गॅस त्यानंतर आपल्या दारात आला. तोवर किनाऱ्यासमोरची जुनी क्षेत्रं उतारवयाला लागली होती.

कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या डी-६ या गॅसक्षेत्राने आशा दाखवली होती. एप्रिल २००९मध्ये तिथून गॅस सुरू झाला, वर्षभरात दिवसाला ६ कोटी घनमीटरांवर गेला आणि मग अंदाजापेक्षा फार लवकर आटला. २०१०-११मध्ये देशाचं उत्पादन वर्षाला सुमारे ५२ अब्ज घनमीटर होतं, २०२०-२१मध्ये ते २९ अब्जांच्या आत आलं. खोल समुद्रातल्या नव्या विहिरींमुळे २०२३-२४मध्ये ३६ अब्जांवर चढलं, पण तोवर वापर ६५ अब्जांच्या पुढे गेला होता. उरलेलं सगळं जहाजाने येतं.

आपल्या पाइपात रेणू एकच, पण त्याचे दर दोन आहेत. जुन्या देशी क्षेत्रांमधल्या स्वस्त गॅसचं वाटप दिल्ली ठरवते. त्यात पहिला मान घरातल्या शेगडीचा आणि गाडीतल्या सीएनजीचा. कारखान्याची भट्टी रांगेत मागे. एप्रिल २०२३पासून या स्वस्त गॅसच्या दराला वरची मर्यादा आहे. आपल्याला मात्र आयातीचा दर. त्यात जुनी क्षेत्रं उतरणीला लागली, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२४मध्ये शहर गॅस कंपन्यांना मिळणाऱ्या स्वस्त गॅसमध्ये दोनदा मोठी कपात झाली. कंपन्या तूट भरायला बाजारात उतरल्या, म्हणजे आपण ज्या रांगेत उभे होतो तिथेच. दुसरीकडे सीएनजीची मागणी वाढवण्यात आपलाही हात आहे. पिंपरीत टाटा मोटर्स सीएनजीवरची अल्ट्रोझ बांधते. आकुर्डीत मुख्यालय असलेल्या बजाज ऑटोने जुलै २०२४मध्ये सीएनजीवर धावणारी जगातली पहिली मोटरसायकल आणली. रस्त्यावरची हवा सुधारते, ही चांगलीच गोष्ट. पण आपण घडवलेली प्रत्येक सीएनजी गाडी गॅसच्या रांगेत आपल्याच भट्टीच्या पुढे जाऊन उभी राहते, हे ध्यानात ठेवा.

करार असला की निश्चिंत, असंही समजू नका. गेलने २०१२मध्ये रशियन गाझप्रॉमच्या उपकंपनीशी २० वर्षांचा करार केला होता, वर्षाला २५ लाख टन एलएनजीचा. २०२२मध्ये जर्मन सरकारने गाझप्रॉमच्या जर्मनीतल्या व्यवसायाचा ताबा घेतला आणि भारताकडे येणारी जहाजं थांबली. गेलला ग्राहकांचा पुरवठा छाटावा लागला. उलट कतारशी असलेला पेट्रोनेट या एलएनजी आयातदार कंपनीचा ७५ लाख टनांचा करार २००४पासून गुजरातेतल्या दहेजला गॅस आणतो आहे आणि फेब्रुवारी २०२४मध्ये तो २०४८पर्यंत वाढवला गेला. पण तो सगळा गॅस होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून येतो. आपल्या दाभोळचीही गोष्ट सांगण्यासारखी. एन्रॉनच्या वीज प्रकल्पाच्या वादातून उरलेलं एलएनजी टर्मिनल २०१३मध्ये चालू झालं, पण लाटा अडवणारा बंधारा अपुरा, म्हणून वर्षानुवर्षं पावसाळ्यात जहाज लागत नव्हतं. जगभर विहिरी चालू असल्या तरी कोकणातली एक अर्धवट भिंत माल अडवू शकते.

पुढच्या काही वर्षांत बाजारात एलएनजी वाढेल, अशी चिन्हं आहेत. कतार आपली क्षमता वर्षाला ७ कोटी ७० लाख टनांवरून २०३०पर्यंत १४ कोटी टनांच्या पुढे न्यायचं म्हणतो. अमेरिकेत नवी टर्मिनलं बांधली जात आहेत. दर नरमतील, असं सांगणारे तुम्हाला भेटतील. नरमले तर तोच करार करायचा काळ. पडत्या बाजारात हात बांधून बसायचं आणि चढत्या बाजारात निवेदन द्यायचं, हे आपण खूप केलं.

म्हणून या परिषदेपुढे तीन गोष्टी ठेवतो.

पहिली, आपल्या भट्ट्यांची. धुरांड्यातून ५००-६०० अंशांची गरमी आजही फुकट जाते. रिक्युपरेटर बसवून त्याच गरमीने आत जाणारी हवा तापवली तर गॅसचा पाचवा हिस्सा वाचू शकतो. बर्नरची हवा तपासायला साधं फ्लू गॅस ॲनलायझर पुरतं. किती युनिटांमध्ये ते महिन्यातून एकदा तरी बाहेर निघतं? नवीन बर्नर घेताना तो दोन इंधनांवर चालणारा घ्या. आणि एन्डोगॅस नैसर्गिक वायूवर असेल तर प्रोपेनवर जाताना कार्बन पोटेन्शियलची, म्हणजे भट्टीतल्या वातावरणातून पोलादात किती कार्बन मुरेल याची, गणितं बदलतात. ती संकटाच्या आठवड्यात नव्हे, आत्ता बसवून ठेवा.

दुसरी, खरेदीची. लहान युनिटला थेट विक्रेत्याकडे जाता येत नाही. पण दोनशे युनिटांनी आपला बारा महिन्यांचा वापर एकत्र मांडला आणि शहर गॅस कंपनीपुढे ठेवला, तर त्यातला निम्मा भाग दीर्घ मुदतीच्या दरात आणि निम्मा बाजारभावात, अशी मागणी करता येईल. किमान उचलीचं कलम सहीआधी वाचा. २०२०पासून देशात गॅस एक्स्चेंज चालू आहे. त्याचे भाव आपल्या संघटनेच्या फलकावर रोज लागले पाहिजेत.

तिसरी, कराची. नैसर्गिक वायू अजून जीएसटीबाहेर आहे. फर्नेस ऑइलवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, गॅसवरच्या व्हॅटचं मिळत नाही. स्वच्छ इंधन घेणाऱ्याला हा दंडच झाला. ही मागणी जीएसटी परिषदेपर्यंत नेण्याइतकं वजन या पट्ट्याकडे नक्की आहे.

दुपारच्या सत्रात एक कोरा तक्ता तुमच्या हाती येईल: गेल्या बारा महिन्यांतली गॅसची उचल, प्रत्येक भट्टीचा वापर, पर्यायी इंधनाची सोय. तो भरून संध्याकाळी नोंदणीच्या टेबलावर द्या, कारण सामूहिक खरेदीची बोलणी त्या आकड्यांशिवाय सुरू होणार नाहीत.