टाकीतला पाचवा हिस्सा



आज पंपावर तुम्ही साधं पेट्रोल भरता, तेव्हा त्यातला साधारण पाचवा हिस्सा इथेनॉलचा असतो. उसाच्या मळीपासून, रसापासून, मक्यापासून किंवा तांदळापासून केलेला. 2003 साली 5 टक्क्यांपासून सुरुवात झाली, जून 2022 मध्ये 10 टक्के गाठले, आणि आधी 2030 साठी ठरवलेले 20 टक्के 2025 मध्येच आले. तेव्हापासून गॅरेजमध्ये एकच तक्रार: गाडी अ‍ॅव्हरेज देत नाही.

तक्रार खरी आहे. लिटरला लिटर धरलं, तर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. पाचव्या हिश्श्यात एक-तृतीयांश तूट, म्हणजे सबंध टाकीवर सहा-सात टक्के. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातही जुन्या धाटणीच्या मोटारींसाठी हाच अंदाज आहे. दुचाकींसाठी 3 ते 4 टक्के. अ‍ॅव्हरेज निम्म्यावर आलं असेल, तर मात्र बिघाड दुसरीकडे शोधावा.

आता धुराकडे वळू. इथेनॉल स्वतःचा ऑक्सिजन घेऊनच येतं, त्यामुळे ज्वलन अधिक पुरं होतं. त्याच अहवालानुसार कार्बन मोनॉक्साइड दुचाकीत निम्म्याने, मोटारीत 30 टक्क्यांनी घटतो. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा कल मात्र ठाम सांगता येत नाही. आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं अपायकारक संयुग वाढतं, ते पीयूसीच्या यंत्रावर दिसतच नाही. माझ्या मते, इथेनॉलच्या जाहिरातीत याचाही उल्लेख हवा.

कार्ब्युरेटरच्या गाडीत इंधन सोडणाऱ्या जेटचं भोक ठरलेलं असतं. इंधनातून जादा ऑक्सिजन आला तरी ते मोठं होत नाही. मिश्रण पातळ होतं, धूर कमी होतो, पण गार इंजिन सकाळी अडखळतं. नव्या गाडीत सायलेन्सरच्या वाटेवरचा सेन्सर तो ऑक्सिजन ओळखतो आणि इंजेक्टर थोडं जास्त इंधन सोडतो. म्हणून धुरातला मोठा फरक जुन्या गाडीत दिसतो आणि त्रासही तिलाच होतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. पेट्रोलमधलं इथेनॉल मोजायची एक साधी चाचणी आहे. काचेच्या नळीत पेट्रोल आणि तेवढंच पाणी घालून हलवायचं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं आणि खालचा थर फुगतो. टाकीत पावसाचं पाणी शिरलं की तळाशी हेच घडतं, आणि नळीतून पहिल्यांदा नेमका तोच थर कार्ब्युरेटरकडे जातो.

तेव्हा जुनी दुचाकी असेल, तर पेट्रोलचा रबरी पाइप आणि ओ-रिंगा इथेनॉलला टिकणाऱ्या बसवून घ्या. टाकीच्या झाकणाचं वायसर तपासा. पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवायला मेकॅनिकला सांगा.