दहावीनंतरची शिदोरी

(शिरूर अनंतपाळ येथील शेतकरी मेळाव्यात झालेले भाषण)



कापसाच्या आणि ज्वारीच्या भावावर बोलायला आज दुसरे वक्ते आहेत. मी बोलणार आहे ते दहावी होऊन शाळेबाहेर पडणाऱ्या आपल्या पोरांविषयी. दहा वर्षं आपण त्या पोराला शाळेत घालतो, वह्या-पुस्तकं-कपडे पुरवतो, ऐन वेचणीच्या दिवसांतही घरचा एक हात कमी करून त्याला शाळेत बसवतो. आणि दहा वर्षांनी हातात काय पडतं? एक गुणपत्रक.

आपल्या जिल्ह्यात शिक्षणाचा विषय निघाला की 'लातूर पॅटर्न' म्हणतात. त्यातून डॉक्टर-इंजिनिअर झाले, त्यांत शेतकऱ्यांचीही पोरं आहेत, याचा मला आनंदच आहे. पण आपापल्या गावच्या दहावीच्या वर्गात जाऊन डोकी मोजा. लातूरला खोली करून क्लास लावणारी किती आणि गावात उरणारी किती? उरलेल्यांसाठी कुठला पॅटर्न आहे?

एक साधं गणित घालतो. सीसीआयचा नियम असा, की कापसात ८ टक्क्यांपर्यंत ओल असली तर पुरा भाव, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत दर टक्क्याला भावात एक टक्का घट. समजा भाव ७,००० रुपये आहे, माल ६ क्विंटल ४० किलो आणि ओल ११ टक्के. घट तीन टक्के, म्हणजे क्विंटलला २१० रुपये. भाव झाला ६,७९०, पट्टी झाली ४३,४५६ रुपयांची. आता खाजगी व्यापारी कापसात नुसता हात घालून "माल ओला आहे, पाचशे कमी," म्हणाला, तर हातात येतात ४१,६००. एका गाडीमागे १,८५६ रुपयांचा फरक. शेकडेवारी पोराला शाळेतच शिकवलेली असते. तरी बापाबरोबर मोंढ्यात आलेलं पोर गप्प उभं राहतं, कारण शाळेतली शेकडेवारी आणि मोंढ्यातली पट्टी एकच आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. ओल मोजायचं यंत्र असतं आणि "मोजून दाखवा" असं म्हणता येतं, हेही नाही.

हे दुखणं आजचं नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं. प्राथमिक शाळेत काय शिकवावं, याची यादी त्यांनी दिली होती. वाचन-लेखन मोडी आणि बालबोध दोन्हींचं, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, आरोग्य आणि शेतीची प्राथमिक माहिती. मास्तर कसा हवा, तेही सांगितलं. शक्यतो शेतकरी वर्गातला, वेळ पडली तर नांगराचं रुमणं किंवा सुताराचा वाकस हातात धरायला न लाजणारा. त्याला १४० वर्षं होऊन गेली. असा मास्तर तुमच्या शाळेत असेल तर त्याची बदली होऊ देऊ नका.

असं करून दाखवलेलं एक गाव सांगतो. तेही शिरूर तालुक्यातलंच, पण ते पुणे जिल्ह्यातलं घोडनदीचं शिरूर. पाबळ हे तिथलं कोरडवाहू गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग हे मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातले शास्त्रज्ञ. ती नोकरी सोडून १९८३ साली ते पाबळला आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम काढला. आठवी-नववी-दहावीच्या पोरांना आठवड्यातला एक दिवस हाताचं काम. वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वीज जोडणी, माती परीक्षण, जनावरांची निगा, रक्तगट आणि हिमोग्लोबिन तपासणी. शिकवणारे गावातलेच कारागीर. पोरांनी केलेलं काम गावाच्या उपयोगाचं आणि त्याचे पैसे घ्यायचे. पुढे एसएससी बोर्डानेही हा विषय मान्य केला आणि तो इतर शाळांत गेला. डॉ. कलबाग २००३ साली गेले, काम चालू राहिलं.

पैसे घ्यायचे, ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. फाटक बनवलं तर लोखंड किती लागलं, वेल्डिंगच्या कांड्या किती, वीज किती, मजुरी किती, हे मांडल्याशिवाय किंमत सांगता येत नाही. ज्या पोरानं एका फाटकाचा उत्पादनखर्च काढला, त्याला ज्वारीच्या क्विंटलचा काढायला वेगळं शिकवावं लागत नाही. मग कडबा धरायचा का, घरच्यांची मजुरी कुठं धरायची, असे प्रश्न तेच तुम्हाला विचारील.

यावर कुणी म्हणेल, "साहेबांची पोरं इंग्रजी शिकणार आणि आमच्यांना पुन्हा हातोडा-नांगरच?" शंका खरी आहे. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली, हाताच्या कामातून शिक्षण. पण सुताची टकळी गरिबाच्या शाळेत आली आणि शहाण्यांची पोरं इंग्रजी शाळेत राहिली. मग लोकांनी ती दुय्यम शाळा समजून सोडली, त्यात लोकांची चूक नव्हती. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की गणित-विज्ञान-इंग्रजीचा एकही तास कमी करू नका. कामाचा दिवस त्यात घाला, आणि तो वर्गात पहिल्या येणाऱ्या पोरालाही घाला.

जी पोरं पुण्याला, चाकणला, हैदराबादला जाणारच आहेत, त्यांचीही तयारी करून द्या. आयटीआयला वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा, फिटर आणि इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने तीस किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात आणि त्याचा करार नोंदवावा लागतो. ठेकेदाराबरोबर जाणाऱ्या पोराला तीन गोष्टी पढवून पाठवा. मूळ कागद कुणाच्या हातात द्यायचा नाही, झेरॉक्स द्यायची. पगाराची चिठ्ठी मागायची. पीएफ कापला जात असेल तर त्याचा नंबर स्वतःजवळ लिहून ठेवायचा.

आणि मुली. मुलीची दहावी झाली की आपण तयारी करतो ती सोयरिकीची. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलासारखा जन्मतः वाटा महाराष्ट्राने १९९४ साली दिला आणि २००५ साली तो देशभर झाला. पण सातबारा कसा वाचायचा, आठ-अ म्हणजे काय, फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीला पंधरा दिवस असतात, हे त्या मुलीला कुठल्या इयत्तेत कळतं? मुलांनाही कळत नाही. म्हणून भावकीतल्या वाटणीत जो कागद वाचतो, तो बांध सरकवतो.

आता करायचं काय? शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने आठवीपर्यंतच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात. ती माणसं इथंच मांडवात बसली आहेत. पुढच्या बैठकीत मुख्याध्यापकांपुढे कामाच्या दिवसाचा विषय ठेवा. गावातला गवंडी, पंप बांधणारा, जनावरांचा डॉक्टर, यांना महिन्यातून एकदा शाळेत बोलवायला मंत्रालयाचा आदेश लागत नाही. आणि घरी या हंगामापासून खर्चाची वही दहावीच्या पोराच्या किंवा पोरीच्या हातात द्या. बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी, सगळं त्यांनी लिहायचं. उधारीही. ती लपवायची नाही.

ज्यांच्याकडे मागच्या हंगामाची हिशेबपट्टी असेल, त्यांनी जेवणानंतर शाळेच्या ओट्यावर यावं. सोबत घरचं शिकणारं पोर आणावं. पट्टी तेच वाचेल, आपण ऐकायचं.